हळद राहिलेला अकरावा रुपया

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही गरगरतं. तेव्हा मी बालाघाटला ठाणेदार होतो. नवे पैसे चालू होऊन काही वर्षं झाली होती. चांदीचे जुने रुपये बाजारातून गडप होऊन कोणाच्या कोठीत, नाहीतर शौकिनांच्या डब्यात जाऊन बसले होते.

दिवाळीच्या दोन दिवस आधी राजेगावकडची एक म्हातारी रडत ठाण्यात आली. तिचा नवरा भाद्रपदात वारला होता. तिची लग्नातली अकरा रुपयांची माळ कोठीतून नाहीशी झाली होती. मुन्शीनं रिपोर्ट लिहायला घेतला.

"कब गई, बाई?"

"आत्ता पाह्यली त नाही ना, बाबू."

रिपोर्टात तारखेचा रकाना मोकळा सोडायचा नाही, ही ठाण्याची रीत. त्यानं आदल्या दिवसाची तारीख टाकली आणि मी न वाचता सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्या आला. "साहेब, भरवेलीचा एक मास्तर बाजाराबाजारात जुने रुपये हुंगत फिरून राह्यला."

या गुरुजींना मी ओळखत होतो. रविवार आला की सायकल काढायची, खिशात भिंग टाकायचं आणि जुन्या सामानाची दुकानं, मोडीच्या भांड्यांचे ढीग उपसत बसायचं, हा त्यांचा नाद. झडतीत त्यांच्या डब्यात दहा रुपये सापडले. प्रत्येकाच्या काठावर माळेत ओवायची कडी काढल्याची खूण. पंचनामा केला आणि गुरुजींना ठाण्यात आणून बसवलं. पेन्शनला दोनच वर्षं उरली होती. अटक दाखवली की निलंबन ठरलेलं.

"मी हे लांजीच्या बाजारात घेतले," ते म्हणाले. "मोडीवाल्याकडून, ज्येष्ठात."

मोडीवाल्याला आणलं, तर त्यानं कानावर हात ठेवले. "मी त फुटकी भांडी घेतो, साहेब. रुपये मी पाह्यलेच नाही."

इथे मी एक शहाणपणा केला. तहसीलदारांसमोर ओळख परेड होती. मुद्देमाल नीट दिसावा म्हणून शिपायाला सांगून ते काळे रुपये चिंच आणि राखेनं घासून घेतले. दुसऱ्या रुपयांत मिसळून मांडले. म्हातारीनं एकेक हातात घेतला, खाली ठेवला.

"हे माहे नाही. माहे असे चकचक नव्हते."

आणि गुरुजी? ते रुपये पाहताच ताडकन उठले. "अहो, हे काय केलंत! जुनं नाणं कोणी घासतं का?" नोकरी जायची वेळ आलेली आणि माणूस नाण्यांसाठी कळवळतोय! मला वाटलं, वेड पांघरून पेडगावला चाललेत. मग तेच म्हणाले, "अकरावा शाळेच्या कपाटात आहे. मुलांना दाखवायला नेला होता. तो तरी घासू नका."

शिपाई सायकलवरून जाऊन पुडी घेऊन आला. आत काळा रुपया आणि चिठ्ठी: 'लांजी बाजार, ज्येष्ठ. अकरांपैकी एक.' कडीच्या खुणेपाशी पिवळं काहीतरी चिकटलेलं. म्हातारीनं तो पाहिला मात्र, छातीशीच धरला.

"हा माहा! हे आमच्या बुढ्याच्या हातची हळद आहे. दर दिवाळीले तोच लावे."

आता मी पुरता चक्रावलो. माल तिचा. चोरी झाली दिवाळीत आणि विक्री ज्येष्ठात! म्हणजे चिठ्ठी खोटी, की म्हातारी खोटी? दोघंही माझ्यासमोर बसलेले आणि दोघांचेही चेहरे खरे. दुपारभर मी रिपोर्टाचा कागद उलटसुलट करत बसलो. शेवटी नुसतंच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आजी, माळ शेवटची कधी पाहिली होती?"

"मांगच्या दिवाळीले. लक्ष्मीपूजेपुरती काढतो, मंग वर्षभर कोठीत. काहून?"

मी रिपोर्टावरची माझी सही पाहिली आणि मला माझीच लाज वाटली.

तारखेचा घोळ सुटला, चोरीचा नाही. मोडीवाल्याला पुन्हा बोलावलं आणि या वेळी दरडावलं नाही, चहा पाजला. तो म्हणाला, "एक बुढा आलता, साहेब. कड्या त्यानंच काढून आणल्या होत्या. बायको तापानं फणफणून राह्यली, गोंदियाले न्यायची आहे म्हने. चोरीचा माल म्हणान, म्हणून भेलो."

ज्येष्ठात म्हातारीला मोतीझरा, म्हणजे मुदतीचा ताप, झाला होता. गोंदियाच्या डॉक्टरकडे ती पंधरा दिवस होती.

"बुढा मले म्हने, सरकारी दवाखाना आहे, फुकट आहे," ती म्हणाली. "मी समजे, मी फुकटच वाचली."

चोरी झालीच नव्हती. प्रकरण बंद करणारा खात्मा रिपोर्ट पाठवला, गुरुजींची नोकरी वाचली. रुपये कायद्यानं त्यांचेच होते, पण त्यांनी अकराच्या अकरा तिच्या पदरात घातले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

त्यानंतर माझ्या ठाण्यात माहीत नसलेल्या तारखेचा रकाना मोकळाच राहिला. वरिष्ठ रागावले तरी राहिला. पण एवढ्यानं मी सुटलो नाही. जाताना म्हातारीनं पदर उघडून ते घासलेले दहा रुपये पुन्हा न्याहाळले. ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

"साहेब, एकावर बुढ्याची हळद आहे. मंग बाकीच्यावरची कुठं गेली?"