येस म्हन, नाना

फोन आला तेव्हा मी देवपुरातल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटत होतो. अक्काच्या शेजारच्या कमलताई बोलत होत्या, "नाना, लवकर या." होतो तसाच धुळ्याचा बसस्टँड गाठला. बस पारोळ्याला थांबली तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी म्हणाल्या, "नाना, सावकाश या." ... लवकरचं सावकाश झालं म्हणजे काय झालं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढचा जळगावपर्यंतचा रस्ता मी उभ्यानेच काढला. जागा रिकामी होती, पण बसवेना. दीड महिना झाला, अजूनही कुठे धड बसवत नाही. जेवायला बसलो तरी मध्येच उठतो, आणि का उठलो तेच विसरतो.

अक्का माझी मोठी बहीण. जळगावच्या शाळेत तिने उभा जन्म इंग्रजी शिकवलं, आणि तिचा इंग्रजीतला पहिला शब्द मात्र चक्क अहिराणी होता. साक्रीकडच्या आमच्या गावी नवीन मास्तर आले होते. त्यांनी वर्गात इंग्रजीतून विचारलं, फळ्याजवळ कोण येतं? कोणाला काही कळलं नाही. अक्काने त्यांच्या हातातला खडू पाहिला, अंदाज बांधला आणि आमच्या बोलीत म्हणाली, "येस." म्हणजे, येते. मास्तर खूश. पोरीला इंग्रजी येतं, असं त्यांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं. आता एवढं झाल्यावर शिकणं भागच होतं, असं ती हसत हसत सांगायची. तेव्हापासून 'कम' या क्रियापदावर तिचा जीव जडला तो कायमचा.

जळगावातच पिंप्राळ्यातल्या घरी तिची शिकवणी चाले. पोरं आपल्या हिशेबाने बोलत, "मॅडम, इंग्लिश डझन्ट कम टू मी." बाकीचे हसले की ती त्यांनाच उभं करायची. म्हणायची, यात चुकलं काय? मराठीत येतंच ना आपल्याला इंग्रजी? मग फळ्यावर यादी काढायची. आपल्याला राग येतो, झोप येते, घाम येतो, कंटाळा येतो, पोहता येतं, आठवण येते. इंग्रजांकडे यातलं काहीएक आपण होऊन येत नाही. त्यांचं 'कम' वेगळ्याच कामाला जुंपलेलं. कम अक्रॉस म्हणजे अवचित सापडणं, कम टू म्हणजे शुद्धीवर येणं, हाऊ कम म्हणजे असं कसं बुवा. एकदा मलाही तिने सुनावलं होतं, "आपलाकडे बठ्ठं येस, नाना. आपण नुस्ते बशी राहतस." सगळं आपल्याकडे येतं, आपण नुसते बसून राहतो. तेव्हा मी हसलो होतो.

दाजी गेल्यावर ती एकटी राहिली. मूलबाळ नव्हतं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा तिने मलाही विद्यार्थी करून टाकलं. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळेला मोबाइलवर तिचा 'कम'चा एक वाक्प्रचार यायचा. मी मराठीत अर्थ कळवायचा, ती दहापैकी गुण द्यायची. साठी ओलांडलेल्या माणसाला सहा गुण पडले की काय वाटतं ते मला विचारा.

गेल्या भाऊबीजेला आमचं वाजलं. ती न्हाणीघरात घसरून पडली होती आणि ते मला कमलताईंकडून कळलं. मी म्हणालो, धुळ्याला चल, तिथेच राहा. ती म्हणाली, तिथे मी पाहुणी होईन. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मी पिशवी उचलली आणि म्हणालो, मग तुझं तू बघ, जातो मी. आमच्या घरात निघताना 'जातो' असं कधीच कोणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. ती दारापर्यंत आली. "येस म्हन, नाना," एवढंच म्हणाली. मी मागे वळून न पाहता रिक्षात बसलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

त्यानंतर चार महिने मी फिरकलो नाही. रविवारचा धडा मात्र चुकला नाही. तिने पाठवायचं, मी उत्तर द्यायचं, जास्तीचं एक अक्षर नाही. तिच्या शेवटच्या रविवारी तिने पाठवलं, कम ओव्हर. मी चहा पिता पिता लिहिलं, एखाद्याच्या घरी भेटायला येणे. तिचं उत्तर आलं, दहापैकी दहा. मी ते बायकोला कौतुकाने दाखवलं. गुरुवारी कमलताईंचा फोन आला...

तो धडा होता की बोलावणं? या एका प्रश्नाने मला दीड महिना घर आणि बसस्टँड यांच्यामध्ये फिरवत ठेवलं आहे. दर रविवारी पिंप्राळ्याला जातो, खिडक्या उघडतो, या खोलीतून त्या खोलीत करतो, खिडक्या लावून परत येतो. गेल्या रविवारी तिची वही सापडली. सगळे वाक्प्रचार क्रमाने लिहिलेले, मला पाठवून झाला की समोर लाल खूण. कम ओव्हर दुसऱ्याच पानावर होता, लाल खुणेसह. दोन वर्षांपूर्वीच पाठवून झालेला. मी साफ विसरलो होतो, पण ती कशी विसरेल? मी शेवटच्या खुणेपर्यंत पानं उलटली. तिच्या त्या शेवटच्या रविवारी खरी पाळी होती कम राउंडची. अर्थ तिनेच लिहिला होता, रुसवा सोडून पूर्ववत होणे. समोर लाल खूण नव्हती. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात होतं, "हाई नको. नाना चिडी."

मी चिडेन म्हणून तिने तो शब्द गाळला आणि त्याऐवजी मला सरळ घरी बोलावलं. आणि मी अर्थ लिहून पाठवला. बरोबर अर्थ.

वही पिशवीत घातली, पुन्हा काढली, टेबलावर तिच्या जागी ठेवली. दाराला कुलूप लावताना कमलताई ओट्यावर आल्या. "निघाले का नाना?" त्यांनी विचारलं. मी बंद दाराकडे तोंड करून म्हणालो, "येस."

कमलताईंना वाटलं, मी त्यांनाच उत्तर दिलं.