दोन पत्रिका, एक अक्षर

तेव्हा मी केबिन रोडवरच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. दिवसभर बिलबुकं आणि व्हिजिटिंग कार्डं. संध्याकाळी मान वर होत नसे. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे गावाला वाटायचं, मी कॉम्प्युटरचा कोणीतरी मोठा माणूस झालोय.

त्याच थकव्यात मी वर्षभर एक फॉन्ट करत होतो. शेठनी एका पत्रिकेवरचं इंग्रजी अक्षर दाखवलं होतं. उभी रेघ जाड, आडवी केसासारखी बारीक. तसं मराठी अक्षर दुकानात नव्हतं. शाळेत गुरुजींनी हात धरून बोरूने कित्ता गिरवून घेतला होता, त्या पुंजीवर मी कागदावर अक्षरं काढू लागलो. शेठनी दुकानाचा कॉम्प्युटर वापरू दिला, हे त्यांचे उपकार. पण सगळी मुळाक्षरं काढायला वेळ कुठला? इंद्रलोक वसाहतीतल्या एका मुलाच्या लग्नपत्रिकेचं काम आलं, तेव्हा त्या मजकुरापुरती अक्षरं पुरी केली. पत्रिका देखणी झाली.

आठवड्याने त्याच लग्नातल्या मुलीचे वडील आले. मूळचे रत्नागिरीचे, राहायला गोडदेवला. त्यांनी मुलाकडची पत्रिका पुढे केली.

"हेच अक्षर पायजे. पोरीनं बजावून सांगितलंय. दोन्ही पत्रिका एका तोलाच्या दिसल्या पायजेत, नायतर तिकडची नाकं मुरडतील."

मी त्यांचा मजकूर टाइप केला. मुलीच्या आजोबांच्या नावात ज्ञ, गावाच्या नावात ढ, मामांच्या आडनावात झ. तिन्ही ठिकाणी रिकामे चौकोन उमटले.

"काका, दुसऱ्या फॉन्टमध्ये करूया. तोही छान आहे."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणजे त्यांची सगळी अक्षरं हायत. आमचीच नाय."

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "तीन ही तो हैं. बना दे ना."

"शेठ, कामानंतर बसून एकेका अक्षराला दोन-दोन दिवस जातात."

"तो संडे को आ जा. शादी लडकी की है, तेरे फॉन्ट की नहीं."

रविवारी गेलो. जाड भाग हात आपोआप काढतो, सगळी मेहनत बारीक रेघेची. फार बारीक केली तर स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीत तुटते, जाड केली तर अक्षर बाकीच्यांत परकं दिसतं. ढ आणि झ दुपारपर्यंत जमले. ज्ञ घेतला तेव्हा स्क्रीनकडे बघून बघून डोळ्यांतून पाणी येत होतं.

संध्याकाळी काकांनी नमुना मुलाकडच्या पत्रिकेशेजारी धरला. ओळीवरून बोट फिरवत ते आजोबांच्या नावापाशी थांबले.

"आमचा ज्ञ जरा जाडा झालाय काय?"

"हो काका. बारीक रेघ साधली नाही. उद्या सुधारतो."

त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. "ऱ्हावदे. पोरीचा आजा अंगानं तसाच होता. छापा."

ते खरंच हसत होते. तो ज्ञ सुधारायला हवा हे मला दिसत होतं, पण अंगात त्राण नव्हतं. मी मजकूर छपाईला सोडला.