वन्संच्या ताकदीच्या गोळ्या

चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत फिरत्या चाकावर काचांच्या कडा घासत ती बसायची, म्हणून अख्खी गल्ली तिला चष्मेवाली म्हणे. फ्रेमच्या खाचेत काच टचकन बसली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते नवऱ्याच्या हयातीतही कधी दिसलं नाही, असं तिची थोरली नणंद सांगे. वन्सं पुष्कळ काही सांगत. कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या मुलीला कोण सोडायला येतं, सगळा माल त्यांच्याकडे ताजा मिळे, वर थोडा वाढवूनही.

स्वतःच्या घरातली एक बातमी मात्र त्यांच्या हाती लागली नव्हती. त्यांचा लाडका धाकटा भाऊ, म्हणजे चष्मेवालीचा नवरा, न्यूमोनियाने गेला. ते खरंच होतं. पण न्यूमोनियाच्या आधी त्याला एचआयव्ही होता. तो त्याने बायकोला दिला आणि स्वतः तपासणीला इतका उशीर केला की औषधाला काही करायला वाव उरला नाही. बायकोचं मात्र वेळेत कळलं. तेव्हापासून रोज एक गोळी. पुढे तर विषाणू तपासणीत दिसेनासा झाला.

"आता नवऱ्यालाही तुझ्यापासून लागण व्हायची नाही," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या.

"बातमी चांगली आहे, पण नवरा आणायचा कुठून?" चष्मेवाली म्हणाली होती.

घर वन्संच्या नावावर. भावाच्या नावाला बट्टा लावणारी बाई त्या घरात ठेवतील, याची खात्री नव्हती. म्हणून गोळ्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत राहत. वन्संनी एकदा विचारलंच, तेव्हा "ताकदीच्या आहेत" म्हणून ती मोकळी झाली. तिथेच चुकलं. भावजयीचे गाल भरलेले, आपले गुडघे कुरकुरतायत, हा हिशेब वन्संना कधीपासून सलत होता.

बाटली लवकर रिकामी व्हायला लागली. ती मुदतीआधीच गोळ्या मागायला गेली, तेव्हा सिस्टरांनी डोळे बारीक केले.

"विकत तर नाहीस ना कोणाला? अगं, आता दोन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन निघालंय. घरात बाटलीच नको."

"दर दोन महिन्यांनी कुठे जातेस, असं वन्सं विचारतील. बाटली काही विचारत नाही."

मग वन्संच्या पायांना सूज आली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं दमलीत. "दुसरं काही औषध घेता का?"

"मी? छे. साधी डोकेदुखीची गोळी नाही घेत," असं म्हणत वन्संनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

बाटली लवकर का संपते, ते शेजारी बसलेल्या चष्मेवालीला कळलं. त्या चष्म्याच्या काचा तिनेच बसवल्या होत्या आणि वन्सं खोटं बोलतानाच त्या पुसतात, हेही तिला ठाऊक होतं. बाटली गुपचूप दुकानात नेऊन ठेवावी, म्हणजे बोभाटा नको, असं क्षणभर वाटलं. पण डॉक्टर पुढे म्हणाले, कारण कळत नाही, तेव्हा सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढून बघू.

घरी येऊन तिने बाटली टेबलावर ठेवली.

"वन्सं, यातल्या गोळ्या तुम्ही घेता."

चष्मा निघाला.

"पुसू नका. घेता ना?"

"एखादी. तू एकटीनेच पैलवान व्हायचं का? आणून देईन तुला नवी बाटली."

"त्या ताकदीच्या नाहीत. एचआयव्हीच्या आहेत. माझ्या."

वन्सं खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे आता मलाही झाला?"

"गोळ्यांनी होत नाही. उलट, होऊ नये म्हणून यातलंच एक औषध धडधाकट माणसांनाही देतात हल्ली. पण आधी मूत्रपिंडं तपासून."

"म्हणजे माझा बचाव झाला म्हण की."

"कशापासून, वन्सं?"

गल्लीत ज्यांना भाजीवालाही वचकून असे, त्या वन्संइतकी सुरक्षित बाई शोधून सापडली नसती. एरवी दोघी हसल्या असत्या. वन्संच्या ओठांवर हसू आलंही होतं, पण ते अर्ध्यावरच थांबलं.

"तुला कुठून लागला?"

दूषित सुई, इस्पितळातलं रक्त, अशी उत्तरं तिने वर्षानुवर्षं तयार ठेवली होती. ऐनवेळी एकही तोंडातून फुटलं नाही.

"त्यांच्याकडून."

"न्यूमोनिया होता त्याला. मी होते उशाशी."

"तोही होता."

"मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून वाट्टेल ते बोलतेस."

"मला घराबाहेर काढायचं तर काढा. पण उद्या आधी डॉक्टरांना ही बाटली दाखवा."

वन्सं खोलीत गेल्या आणि दार लागलं. ते उघडलं तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"खालच्या मावशींना पण दिल्यात मी. त्यांची कंबर धरते."

मावशींना कळलं की गल्लीला कळलं, आणि गल्लीतून दुकानात. शिवाय वन्संच्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी आज त्यांच्या हातात होती.

वन्सं एकेक पायरी धरत खाली उतरल्या. चष्मेवाली वरून कठड्यापाशी उभी राहून बघत होती.

"अजून आणल्यात का?" मावशी दारातूनच म्हणाल्या. "फार हुशारी वाटते हो."

वन्संनी चष्मा काढला. "होत्या त्या परत द्या. मुदत संपलेल्या निघाल्या. घेतल्या असतील तर डॉक्टरांना दाखवून या."

"मग तुमची भावजय कशी घेते?"

"तिचं पोट लोखंडाचं," वन्सं म्हणाल्या. कितीतरी वेळ त्या काचा पुसत राहिल्या.

वर येऊन त्यांनी गोळ्यांची पुडी चष्मेवालीच्या ओंजळीत टाकली, बोटाला बोट लागू न देता.

"पुसून पुसून ओरखडे पडले. काचा बदल माझ्या," त्या म्हणाल्या.

"बदलते. वन्सं, मी राहू ना इथे?"

"राहा की. तुझ्यावर कशाला रागावू मी?" वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा चष्मा काढून पुसू लागल्या.