तेवीस बिया

ओसाकाहून सकाळच्या गाडीने निघाले, तेव्हा बॅगेत बिया परदेशातून आणण्याच्या परवान्याची कागदपत्रं होती आणि एका पुडीत तेवीस बिया.

मी ओसाकाच्या विद्यापीठात बियांवर संशोधन करते. ही पुडी हिमालयातल्या एका जुन्या बागेतून आली होती. मी जिथे निघाले होते, त्या दरीतले रोपवाटिकावाले ओनो-सान ऐंशीचे आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या पणजोबांनी फक्त त्या दरीतच आढळणाऱ्या तोहि वाणाच्या (थंड डोंगरातला सूचिपर्णी वृक्ष) झाडांचं बी एका परदेशी वनस्पतीशास्त्रज्ञाला पाठवलं. ते हातोहाती फिरत हिमालयात पोहोचलं आणि तिथे त्याचं एक झाड जगलं. इकडे दरीतली सगळी तोहि झाडं चार वर्षांपूर्वी दरड कोसळून गाडली गेली.

शेवटच्या स्टेशनवर बस चुकली. दीड तास चढ चढले. रस्त्याकडेला उंच झाडं होती. पणजोबांना बदल्यात मिळालेल्या परदेशी बियांची. समोरचा डोंगर मात्र दरडीने वरपासून खालपर्यंत सोललेला.

ओनो-सानांच्या बायकोने गरम सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) वाढला. ओनो-सान जेवले नाहीत. त्यांनी वाफा तयार ठेवला होता, माती चाळून.

पुडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मग पातं काढून एका बीचं टोक तेवढं छाटलं, आतल्या अंकुराला धक्का न लावता. पोकळ. दुसरी, तिसरी. ते थांबले नाहीत. तेविसावीही पोकळ निघाली.

"तिथे त्या झाडाला जोडीला दुसरं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकटंच आहे. दुसऱ्या झाडाचे पराग त्याला मिळतच नाहीत."

त्यांनी छाटलेल्या बिया पुन्हा पुडीत भरल्या. मग मलाच राहवेना. "ओनो-सान, मी निघण्याआधी बिया पाण्यात टाकून पाहिल्या होत्या. सगळ्या तरंगल्या, म्हणजे पोकळच. तरी मी तुम्हाला कळवलं नाही. माफ करा."

"पुडी हातात घेतली तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "फार हलकी होती."

"मग सगळ्या का छाटल्यात?"

"एखादी भरलेली असती तर?"

परतीची बस वेळेवर आली. ओनो-सान निरोप द्यायला फाटकापर्यंत आले, वाकले आणि आत वळले. पणजोबांनी बी मोकळ्या हाताने दिलं होतं. दरीत झाडं कायम असणारच, असं त्यांना वाटलं असेल. संध्याकाळी ओसाकाला उतरले, थेट प्रयोगशाळेत गेले आणि नोंदवहीत लिहिलं: तोहि, तेवीस बिया, सर्व पोकळ. पुढचा रकाना या बियांच्या अन्य स्रोतांचा होता. तिथे 'नाही' लिहायला मला बराच वेळ लागला.