कपाटाचं स्थळ

आमच्या मामीने आजवर जितकी लग्नं जमवली, तितकी नगर जिल्ह्यातल्या सगळ्या वधूवर सूचक मंडळांनी मिळूनही जमवली नसतील. फरक इतकाच, की मामीने जमवलेल्या लग्नात एका बाजूला माणसं असतात आणि दुसऱ्या बाजूला कपाट, कुकर, गादी, शेगडी असं काहीतरी. कुणाच्या घरात एखादी वस्तू वर्षभर वापराविना पडलेली दिसली, की तिचा जीव कासावीस होतो. "लग्नाची झालेली पोर बसवून ठेवल्यागत ठेवलंय ह्या मिक्सरला," असं म्हणून ती सुस्कारा सोडते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मिक्सरसाठी स्थळं बघायला लागते. मिक्सरच्या मालकाला हे बऱ्याचदा नंतर कळतं.

मामीचं माहेर भंडारदऱ्याकडचं. सावेडीत संसार करून इतकी वर्षं झाली तरी तिकडची बोली तिने सोडलेली नाही. आम्ही तिच्या मागच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे आमच्यावर तिची विशेष नजर. ती येणार असली की माझी बायको घरभर धावत सुटते आणि प्रत्येक वस्तू रोजच्या वापरातली असल्याचा देखावा उभा करते. एकदा तिने सँडविच करायचं यंत्र ओट्यावर मांडून त्याच्याशेजारी पावाचा चुरासुद्धा पसरला होता. मामीने यंत्र उचललं, उलटं केलं आणि शांतपणे म्हणाली, "दुकानाचं लेबल अजून निघालं न्हाई बाई." ते यंत्र आता बसस्टँडजवळच्या एका वडापावच्या गाडीवर सुखाने नांदतं आहे. माझ्या व्यायामाच्या सायकलीचंही तेच झालं. ती मी मोठ्या उमेदीने आणली होती आणि पुढे तिच्यावर टॉवेल वाळत घालायची सोय झाली. मामीने तिच्यासाठी भिंगारचे एक निवृत्त कंडक्टर शोधले. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी पाय चालवत राहायला सांगितलं होतं. सायकल गेली त्या दिवशी मामी मला म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नको. तुझ्याकडं ती सुखात न्हवती."

फाटकंतुटकं मात्र मामी कुणाला देत नाही आणि देऊही देत नाही. आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी विटलेल्या साड्यांचं गाठोडं पुढे केलं, तर मामी म्हणाली, "ह्यातली एक नेसून आधी कोपऱ्यावरनं दूध घिऊन या. लाज न्हाई वाटली तर देऊ." गाठोडं पायपुसण्यांसाठी परत गेलं. दिली जाणारी वस्तू तिच्याकडे चार दिवस मुक्कामाला असते. शर्टाला बटणं लागतात, कुकरला नवी रिंग बसते, गादी उन्हात दोन्ही अंगांनी भाजून निघते. निघताना वस्तूला हळदीकुंकू लागतं. आणि तिच्यात काही खोट असेल तर मामी ती आधी सांगून टाकते. "शेगडीचा डावा बर्नर जरा रुसका हाय, पन उजवा लई गुनाचा," असं ती देताना सांगणारच. खोटं बोलून जमवलेलं लग्न टिकत नाही, हा तिचा सिद्धांत आहे.

स्थळ बघायला ती स्वतः जाते. घरात वस्तूला जागा आहे का, छप्पर गळतं का, पोरं आदळआपट करणारी आहेत का, हे सगळं चहा पिता पिता हेरते. कोपरगावला एका घरी टेबलाचं स्थळ बघायला मी तिला घेऊन गेलो होतो. साखर कारखान्यात रोजंदारीवर काम करणारं कुटुंब, भिंतीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर, आणि मुलगी नर्सिंगच्या परीक्षेला बसलेली. मामीने नेहमीचे प्रश्न सुरू केले तर मुलीच्या आईने तिला मध्येच थांबवलं.

"तुमचं झालं का इचारून? आता आमी इचारतो. टेबल डुगतं का? वाळवी हाय का? आन पोरीचे गुडघे आत मावत्यात का?"

मी जरा चपापलो. मामीचा चेहरा मात्र असा खुलला, जणू इतक्या वर्षांत कुणीतरी तिच्या तोलाचं भेटलं. "असं पायजे," ती परतीच्या वाटेवर मला म्हणाली. "पोरीकडच्यांनी गप बसून कसं चालंल?" त्या टेबलाचे पाय तिने सुताराकडून दोनदा सारखे करून घेतले.

लग्न लावून ती मोकळी होत नाही, हे आणखी एक. पहिल्या सणाला ती वस्तूच्या सासरी जाऊन येते. केडगावच्या एका घरी तिने उन्हाळ्याच्या अखेरीस टेबलफॅन दिला होता. संक्रांतीला आम्हालाही सोबत घेऊन तिळगूळ द्यायला गेली, तर फॅन पिशवीत बांधून खाटेखाली. मामीला ते इतकं लागलं की त्या माऊलीने मामीचं मन राखायला फॅन बाहेर काढला आणि चालू केला. नगरची संक्रांतीतली थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही सगळे चादरी पांघरून फॅनसमोर बसलो आणि वाजणाऱ्या दातांनी तिळगूळ खाल्ला. मामी तेवढी समाधानाने म्हणाली, "आवाज करत न्हाई बघा."

अशा या मामीच्या स्वतःच्या दारात मामांची स्कूटर कितीतरी दिवस नुसती उभी होती. मामांना काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली. मामा मान डोलावून घरी आले आणि म्हणाले, "डॉक्टर तसं म्हणतातच." मग रोज सकाळी ते स्कूटर चालू करून बघायचे, आणि मामी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून कान देऊन उभी राहायची. आम्ही सगळे म्हणायचो, मामी, जगाची कपाटं हलवतेस, आता ही स्कूटर हलव, नाहीतर मामा एक दिवस कुठेतरी जाऊन धडकतील. मामी हो म्हणायची आणि आलेलं प्रत्येक स्थळ मोडायची. एक मास्तर आले, तर ते लई हळू चालवत्यात, गाडी गंजंल. एक तरुण आला, तर लई जोरात चालवतो. एकाच्या तोंडात तंबाखू होती, तेव्हा हँडलवर पिंका पडतील. मला तिचा राग यायचा. तिला मामांची काळजीच नाही असं वाटायचं, आणि ते मी तिला एकदा बोलूनही दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "गाडी गेली तर हे घरातच बसतील रे."

शेवटी मामाच एका सकाळी स्कूटर घेऊन बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याच्या कोथिंबिरीच्या ढिगात शिरले. लागलं काही नाही. भाजीवाल्यानेच त्यांना हाताला धरून घरी आणलं. अंगभर कोथिंबीर, चेहरा पडलेला. मामी त्यांच्या सदऱ्यावरची पानं वेचत राहिली. शेवटचं पान निघाल्यावर मामा म्हणाले, "बघ आता एखादं चांगलं स्थळ."

हिवरे बाजारच्या अलीकडे एका वाडीतली, सरकारी आरोग्य केंद्राची आशाताई मामीने निवडली. गरोदर बायकांना बघायला ती वस्त्यावस्त्यांवर पायी फिरायची. स्कूटर तिच्या नावावर झाली, तिला हळदीकुंकू लागलं, आणि मामांनी आशाताईला चोक कसा द्यायचा, चढावर काय करायचं, हे इतक्या वेळा सांगितलं की ती पोर शेवटी म्हणाली, "बाबा, तुमीच एकदा मागं बसून चला." मामा बसले. ती त्यांना गल्लीतून एक फेरी मारून घेऊन आली आणि मग निघून गेली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. मामा हसत म्हणाले, "वापरात नसलेलं आता या घरात एकच उरलं. माझंही बघ कुठे जमतंय का." हसत म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज बरा नव्हता. मामी उठता उठता म्हणाली, "उद्यापासून माझ्यासंगं यायचं. मला एकटीला सुधरत न्हाई."

तेव्हापासून दोघं मिळून स्थळं बघतात. रिक्षाने जातात. मामी बघते, मामा हात लावून बघतात आणि प्रश्न विचारतात. लाकूड सागाचं आहे की नाही हे ते आता बोटांनी सांगतात, आणि घरातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारून अशी माहिती काढतात की मामीही थक्क होते.

गेल्या महिन्यात आमच्या कपाटाची पाळी आली. बायकोने फार विरोध केला नाही. बुऱ्हाणनगरच्या रस्त्याला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं स्थळ होतं, आणि मालक म्हणून मीही सोबत गेलो. दिवेलागणीची वेळ होती. पत्र्याची खोली, पण लख्ख. डोक्यावर ट्यूब जळत होती आणि तिच्या उजेडात त्या बाई सुईत दोरा ओवत होत्या. आम्ही बसलो. मामांनी इकडे तिकडे मान वळवली, दोनदा डोळे चोळले आणि हळूच विचारलं, "अगं, लाईट गेलीय का?"

मी वरच्या ट्यूबकडे पाहिलं आणि मामीकडे पाहायचं टाळलं. मामांच्या हातावर हात ठेवून मामी म्हणाली, "व्हय. आत्ताच गेली."

मामीला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात त्या बाईंनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडं ह्या टायमाला रोजच जाती, बाबा. तुमी बसा निवांत, मी अंधारातबी चहा करते."

चहा आला. मामीने कप मामांच्या हातात नीट धरवून दिला, आपला घेतला, आणि खोलीतल्या जागेचं माप न घेताच मला म्हणाली, "कपाट हितंच द्यायचं. मानसं चांगली हायत."