वरून पाहिलेली टेकडी

नकाशांच्या कचेरीत तिला सगळे 'होकायंत्र' म्हणत. कागद कुठलाही असो, उत्तर दिशा वर. नोकरीभर तिने दुसरं काही केलं नाही.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा विमानात बसली. खिडकीतून वहिनीच्या माहेरची टेकडी दिसली आणि मागे पडली. उतरल्यापासून तिला चैन नव्हतं. तिने रंग आणले, जेवणाचं टेबल अडवलं, रंगवलेलं पुन्हा पुन्हा खरवडलं. दुखऱ्या गुडघ्यांमुळे वहिनीचं माहेर सुटलं होतं. वहिनीला ती टेकडी घरबसल्या दाखवायची, एवढाच ध्यास.

हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनात चित्र द्यायच्या आदल्या दिवशी तिने ते भिंतीला टेकवलं. वहिनी चष्मा पुसत आली.

"छान आहे हो, वन्सं. कुठली खाण ही?"

"खाण?"

"मग आटलेलं तळं का?"

"वहिनी, तुझ्या माहेरची टेकडी आहे ती!"

"अगंबाई! टेकडी होती आमची. खड्ड्यात मी पडले ती तुमच्या भावाशी लग्न करून."

तिला हसू येईना. पडदा सारला, ओढला. खुर्चीवर चढून पाहिलं. खड्डाच. शेवटी चिडून तिने चित्र उलटं टेकवलं.

टेकडी वर आली.

हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेचं. सावल्या उत्तरेला, म्हणजे तिच्या चित्रात वरच्या अंगाला पडल्या होत्या. डोळ्यांना सवय वरून येणाऱ्या उजेडाची. त्यांनी उंचवट्याचा खळगा केला. हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती काढायची त्या नकाशांत सावल्या नसत.

वहिनी खाली बसली, गुडघ्यांसकट. तिने बोट टेकवलं. "इथनं आम्ही घसरत यायचो. परकर फाटायचे."

"पण वहिनी, उत्तर खाली गेली."

"जाऊ दे की."

"सहीसुद्धा उलटी."

"तुम्हाला सही दाखवायचीय, की टेकडी?"

ती घरभर फिरली. चित्र सरळ केलं. पुन्हा उलटं केलं. वहिनीने डोळ्यांवर पदर धरला. "आता पुरे. भोवळ येतेय मला."

प्रदर्शनात चित्र दक्षिण वर करूनच लागलं. लोक मान वाकडी करून तिचं नाव वाचत होते. एकाने हळूच म्हटलं, "उलटं टांगलंय वाटतं."

ती शेजारीच उभी होती, हात पाठीमागे घट्ट धरून. सोडले असते, तर त्या हातांनी चित्र फिरवलं असतं.