शी नाही, हर

इचोड्याहून इंद्रवेल्लीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारी इंग्रजीच्या एक बाई बसतात. शाळा इंद्रवेल्लीला, पण त्यांचा तास बसमध्येच सुरू होतो. आमच्या बोलीतला 'ले' त्यांनी कामाला लावला आहे.

"त्याले म्हंजे हिम, तिले म्हंजे हर. आन इंग्रजीतला मी म्हंजे मी नाही, मले. ज्याले धक्का लागते, तो मी."

असं म्हणून त्या खरोखरच कोपरानं ढोसतात. माझ्या बरगड्यांचं व्याकरण पक्कं झालं आहे.

परवा शाळेत परीक्षा होती आणि नेमका त्यांना उशीर झाला. बस हलली तेव्हा त्या पदर खोचून मागून धावत होत्या. कंडक्टर त्यांचाच शिष्य. त्यानं दारातून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "डोन्ट लीव्ह शी!"

बाई भर रस्त्यात थांबल्या. हात वर करून म्हणाल्या, "शी नाही, हर!"

बस तर पुढे चाललेली. मग टोपलीवाल्या बायांसकट आम्ही सगळेच ओरडलो, "डोन्ट लीव्ह हर!" तेव्हा कुठे ब्रेक लागला.

त्या चढल्यावर कंडक्टर म्हणाला, "मॅडम, धावाचं सोडून थांबल्या काऊन? बस गेली असती ना."

"बस दुसरी येते," घाम पुसत त्या म्हणाल्या. "शी एकदा तोंडात बसली का निघत नाही."

आपण काय बोललो ते त्यांना उशिरा कळलं, आणि सगळ्यांत आधी त्याच खदखदून हसल्या. धक्का अर्थातच मले लागला.